महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील संदर्भ सेवा

संदर्भ सेवा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलेल्या रुग्णास पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची कार्यपद्धती होय. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालील विनामूल्य उपचार केवळ अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच मिळत असल्याने, रुग्णास कोठे पाठविले जाते यास विशेष महत्त्व आहे.

== पार्श्वभूमी ==
ही योजना २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर जिल्हा होता. त्यामुळे मोहोळ तालुका पहिल्या टप्प्यापासूनच योजनेत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले.

== कार्यपद्धती ==
वैद्यकीय अधिकारी प्राथमिक निदान करून संदर्भ चिठ्ठी देतात. या चिठ्ठीने विम्याची मंजुरी मिळत नाही, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहून नोंदणी करतो. त्यानंतर रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते. ती मिळाल्यावर उपचार रोखरहित होतात. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात व कागदपत्रे नंतर सादर केली जातात. चिठ्ठी नसली तरी रुग्ण थेट अंगीकृत रुग्णालयात जाऊ शकतो.

मोहोळ परिसरातील गुंतागुंतीच्या आजाराच्या रुग्णांसाठी ग्रामीण रुग्णालयानंतरचे मोठे शासकीय ठिकाण म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरवरील सोलापूरचे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. वाटेत अंगीकृत नसलेल्या खासगी रुग्णालयात दाखल झाल्यास तेथील खर्च कुटुंबावर पडतो. '१०८' रुग्णवाहिका विनामूल्य असली, तरी ती विमा योजनेहून वेगळी सेवा आहे.

== पात्रता ==
आरंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. पुढे १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांचा समावेश झाला. त्यांत शेजारचा उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्हा होता, सोलापूर नव्हता. एकाच आजारासाठी एकाच रुग्णालयात आलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकालाच लाभ मिळावा, अशी ही स्थिती होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करून मर्यादा पाच लाख रुपये केली. शिधापत्रिकेचा रंग त्यामुळे अडसर राहिला नाही. मात्र रुग्णालय अंगीकृत असण्याची अट कायम आहे.