मुदतीनंतरची दाद : पेण-रोह्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

फौजदारी अपिलाचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक बहुधा गाजलेल्या निकालांकडे वळतात. प्रस्तुत लेखाचा प्रारंभ मात्र पेण व रोहा येथील न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांपासून करणे इष्ट वाटते. कारण मुदतीचा प्रश्न बहुसंख्य आरोपींच्या वाट्यास येतो तो तेथेच. तालुक्याच्या ठिकाणी कारावासाची शिक्षा झाली, तर सत्र न्यायालयाकडे अपील करण्यास ३० दिवस मिळतात. अलिबागच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, तर मुंबई उच्च न्यायालयाकडे जाण्यास ६० दिवस.

ही मोजणी १९६३ च्या मुदत कायद्यातील असली, तरी तिचा सांगाडा जुना आहे. १९०८ च्या कायद्यातही ३० आणि ६० दिवसच होते. सत्र न्यायालयाच्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध अपिलास मात्र त्या कायद्याने अवघे ७ दिवस ठेवले होते. ज्याचा जीव जावयाचा, त्यालाच सर्वांत थोडा अवधी! अशा शिक्षेस उच्च न्यायालयाची पुष्टी आवश्यकच असे, हे त्याचे समर्थन होऊ शकेल. ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही. १९६३ च्या कायद्याने ही मुदत ३० दिवसांची केली.

मुदत टळली म्हणजे सर्व द्वारे बंद झाली, असे मात्र कायद्याने कधीच मानले नाही. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मोजणीतून वगळले जातात. अलिबागच्या हिराकोटात, म्हणजे आंग्रेकालीन किल्ल्यात थाटलेल्या कारागृहात, असलेल्या कैद्यास आपले अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देता येते. शिवाय ‘पुरेसे कारण’ दाखविल्यास न्यायालय विलंब क्षमापित करू शकते. परंतु येथे सिद्धतेचा भार शिक्षा झालेल्यावर असतो. आपण का थांबलो, हे त्यानेच सांगावयाचे. निरक्षरता, दारिद्र्य, नातलगांनी सोडलेला हात ही कारणे खरी असली, तरी कागदावर आणणे कठीण.

या क्षमायाचनेहून सर्वस्वी भिन्न असा दुसरा एक प्रवाह आहे, आणि दोहोंची गल्लत होऊ नये. मूळ आदेशच न्यायालयाच्या चुकीमुळे दूषित असेल, तर प्रश्न अर्जदाराच्या विलंबाचा उरतो काय? या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर ज्या खटल्यात मिळाले, त्यातील आरोपी याच जिल्ह्याचे होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. आंबेत गावचे अब्दुल रहमान अंतुले हे १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ मध्ये मिळाले. त्यांच्याविरुद्धचा भ्रष्टाचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १६ फेब्रुवारी १९८४ रोजी विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९५२ च्या कायद्यानुसार असे खटले केवळ विशेष न्यायाधीशांनीच चालवावयाचे होते. त्या बदलामुळे आरोपीचा उच्च न्यायालयाकडे अपील करण्याचा हक्कच नाहीसा झाला.

अंतुले यांनी पुनर्विलोकनाचा अर्ज विहित काळात केला नव्हता. तरीही २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेश मागे घेतला. न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या निकालाचा गाभा असा की, न्यायालयाच्या कृतीने कोणाचीही हानी होऊ नये. येथे शिक्षा अद्याप झाली नव्हती, हे खरे. परंतु अंतिम मानलेला आदेशही चुकीपुढे टिकत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. न्या. व्यंकटाचलय्या यांचा विरोधही दुर्लक्षिण्याजोगा नाही. निकालांना अंतच नसेल तर न्यायदान चालणार कसे, ही त्यामागील चिंता रास्तच आहे. पुढे २००२ मध्ये, एका घटस्फोटाच्या वादात, याच विचारधारेतून ‘उपचारात्मक याचिका’ आकारास आली.

एका माजी मुख्यमंत्र्याच्या खटल्यातून निघालेला हा विचार सामान्य कैद्यापर्यंत पोहोचतो काय, हे पाहण्यास पुण्याचे एक प्रकरण उपयोगी आहे. १९९४ मधील सात खुनांबद्दल फाशी झालेल्या एका कैद्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केली. पुनर्विलोकनही त्याच वर्षी फेटाळले गेले. बालन्याय कायद्यानुसार मात्र गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा प्रकरण संपल्यानंतरही, कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. त्याने तो २०१८ मध्ये मांडला. राजस्थानातील शाळेच्या दाखल्यावरून त्याचे वय घटनेच्या वेळी १२ वर्षे ६ महिने होते, असा निष्कर्ष निघाला. मधल्या काळात त्याची २८ वर्षांहून अधिक कैद भोगून झाली होती. येथे विलंबाचे कारण कोणी विचारले नाही, कारण दोष शिक्षेच्याच मुळाशी होता. वयाच्या चौकशीचा अहवाल पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी २०१९ मध्येच पाठविला होता. सुटकेचा आदेश मात्र २७ मार्च २०२३ रोजी निघाला.