मोटारगाडीचा जलद प्रारंभ व क्लचची झीज

थांबलेली मोटारगाडी कमीत कमी वेळात वेग घेईल अशा रीतीने ती सुरू करण्याच्या क्रियेस जलद प्रारंभ म्हणतात. शर्यतीच्या व क्रीडा-मोटारींच्या बाबतीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. अंतर्ज्वलन-एंजिनाला स्थिर अवस्थेतून भार ओढता येत नाही. ते स्वतः काही किमान गतीने फिरत असले, तरच त्यापासून परिबल (फिरविण्याची प्रेरणा) मिळते. वाफेचे एंजिन व विद्युत् चलित्र यांना ही अडचण नाही. म्हणून मोटारगाडीत फिरते एंजिन व स्थिर चाके यांच्यामध्ये काही क्षण घसरू शकेल असा दुवा ठेवावा लागतो. हा दुवा म्हणजे क्लच होय. दोन्हींच्या वेगांतील फरक क्लचच्या घर्षणात, टायरच्या घसरणीत किंवा दंतचक्रे व अक्षदंड यांवरील आघातात खर्ची पडतो. तो नाहीसा करता येत नाही. केवळ एका भागावरून दुसऱ्या भागावर ढकलता येतो. जलद प्रारंभाचा इतिहास हा मुख्यतः या ओझ्याच्या स्थलांतराचा इतिहास आहे.

कार्य व झीज : क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर बसविलेली तबकडी एंजिनाचे प्रचक्र व दाबपट्टिका यांच्यामध्ये स्प्रिंगांच्या जोराने पकडलेली असते. पेडल दाबले की पकड सुटते व पेडल सोडू लागले की तबकडी घसरत घसरत प्रचक्राची गती घेते. सपाट रस्त्यावर एंजिनाची गती कायम ठेवून गाडी सुरू केली, तर या घसरणीत निर्माण होणारी उष्णता गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेएवढी असते. उदा., १,२०० किग्रॅ. वजनाच्या एखाद्या मोटारीत पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांना ताशी २५ किमी. वेग मिळत असेल, तर त्या गतीने केलेल्या एका प्रारंभात सुमारे २९,००० जूल उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. एंजिन ६,००० फेऱ्यांवर ठेवून हीच क्रिया केल्यास पकड ताशी ५० किमी. वेगाला पूर्ण होते व उष्णता चौपट, म्हणजे सुमारे १,१६,००० जूल होते. एवढ्या उष्णतेने ३०° से. तापमानाचे सुमारे ४०० ग्रॅम पाणी उकळबिंदूपर्यंत तापेल. ही उष्णता काही सेकंदांत अस्तराच्या व त्याला भिडलेल्या धातूच्या पातळ थरात साठते. असे प्रारंभ लागोपाठ केल्यास अस्तर करपते, धातूच्या पृष्ठावर निळसर डाग व तडे पडतात आणि पकड कमी होऊन घसरण आणखी वाढते.

पेडल एकदम सोडल्यास क्लचमधील घसरण कमी होते. परंतु प्रचक्रात साठलेली ऊर्जा आघाताच्या रूपाने दंतचक्रे, प्रेषक दंड, विभेदी दंतचक्र व चाकांचे अक्षदंड यांवर येते. अशा वेळी टायर जागेवर फिरले, तर तेच सुरक्षा-दुव्याचे काम करतात. टायरची पकड उत्तम असेल किंवा चारही चाकांना शक्ती दिलेली असेल, तर ही सुटका राहत नाही व सर्वांत दुर्बल भाग तुटतो.

इतिहास : कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत मोकळ्या कप्पीवरील पट्टा जखडलेल्या कप्पीवर सरकवून गाडी सुरू केली जाई, म्हणजे घसरण पट्ट्यात होई. १८९१ मध्ये फ्रान्समधील पानार व लव्हासॉर यांनी पुढे एंजिन, त्यामागे क्लच व सरकत्या दंतचक्रांची पेटी अशी मांडणी केली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. त्या काळचा क्लच शंक्वाकार असून त्यावर चामड्याचे अस्तर असे. चामडे कोरडे पडले की तो हिसक्याने पकडे. ते मऊ राहावे म्हणून त्याला एरंडेल तेल लावीत आणि ते घसरू लागले, तर त्यावर मुलतानी माती टाकीत.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणद्रव्यांवर प्रयोग सुरू केले. त्यांच्या ‘फेरोडो’ कंपनीने १९०८ पासून ॲस्बेस्टसयुक्त अस्तर वापरात आणले. ते जास्त तापमान सहन करीत असल्यामुळे कोरड्या एकपट्टी क्लचचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी हेन्री हेले-शॉ यांनी तेलात बुडालेल्या अनेक तबकड्यांचा क्लच तयार केला होता. त्यात तेल उष्णता वाहून नेई. १९३० नंतरच्या दशकात पटल-स्प्रिंगचा क्लच अमेरिकेत प्रचारात आला व पुढे त्याने गुंडाळीच्या स्प्रिंगांची जागा घेतली.

ॲस्बेस्टसने यंत्राचे ओझे हलके केले. पण ते माणसांच्या फुप्फुसांवर टाकले. अस्तर बनविणारे कामगार व जुने क्लच उघडून फुंकर मारणारे यांत्रिक यांना त्याच्या धुळीचा धोका असे. ही धूळ फुप्फुसाच्या काठिण्यास व कर्करोगास कारण ठरते. ब्रिटनने १९९९ मध्ये व युरोपीय संघाने २००५ मध्ये ॲस्बेस्टसच्या वापरावर बंदी घातली. त्याऐवजी काचतंतू, ॲरामिड तंतू व भाजलेल्या धातुचूर्णाची अस्तरे वापरली जातात. धातुचूर्णाचे अस्तर अधिक उष्णता सोसते. मात्र ते झटक्याने पकडते व आघात पुढे दंतचक्रांकडे जातो.

स्वयंचलित नियंत्रण : प्रारंभीचे पेडलचे कौशल्य इलेक्ट्रॉनीय यंत्रणेकडे सोपविण्याचे प्रयत्न शर्यतींत यशस्वी झाले. फॉर्म्युला वन शर्यतींत प्रारंभ-नियंत्रणाची यंत्रणा चालकाचा वाटा फारच कमी करते, म्हणून २००४ पासून तिच्यावर बंदी घालण्यात आली. पोर्शे कंपनीने १९८० नंतरच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिलेली दुहेरी क्लचची पद्धती २००३ मध्ये फोक्सवॅगनने विक्रीच्या गाडीत आणली. २००७ मध्ये आलेल्या निसान जीटी-आर या चार चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत जोरदार प्रारंभामुळे काही ग्राहकांच्या दंतचक्रपेट्या निकामी झाल्या. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, असा वाद निर्माण झाला. त्यानंतर कंपनीने नियंत्रक प्रणाली बदलून प्रारंभीची एंजिनाची गती उतरविली. अनेक आधुनिक गाड्यांत क्लच फार तापल्यास संगणक असा प्रारंभ करूच देत नाही.

महाराष्ट्र व गोवा : भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे दीर्घकाळ शर्यतींत देशी प्रवासी मोटारीच फेरफार करून वापरल्या जात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यातून फियाट व पुढे पद्मिनी या मोटारी बाहेर पडत. मद्रासजवळील शोलावरम येथील धावपट्टीवरच्या शर्यतींत अशा गाड्या धावत. १९८० मध्ये मुंबईचे नझीर हुसेन यांनी सुरू केलेल्या हिमालयन रॅलीत घाटातील चढांमुळे क्लचची कसोटी लागे. घर्षणाची अस्तरे घाटकोपरच्या हिंदुस्तान फेरोडो कारखान्यात, तर दंतचक्रे मुंब्रा येथील भारत गिअर्समध्ये तयार होत असल्याने मुंबई-ठाणे परिसर या उद्योगाचे केंद्र बनला. गोव्यातील सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी सुमारे ६० अश्वशक्तीची होती. पुण्यात तयार झालेली व २०१२ मध्ये प्रथम दाखविली गेलेली ‘अवंती’ सुमारे २५० अश्वशक्तीची होती. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या (सु. ४०२ मी.) सरळ शर्यती झाल्या आहेत. अशा शर्यतींत पहिल्या काही मीटरांतील पकडच बहुधा निकाल ठरविते.

तथापि हा नियम केवळ क्रीडा-मोटारींना लागू नाही. भिवंडी तालुक्यातील गोदामांकडे जाणारे मालट्रक खारबाववरून जाणाऱ्या भिवंडी-वसई रस्त्यासारख्या मार्गांवर रांगेत पुनःपुन्हा थांबतात व निघतात. एकूण २५ टन वजनाचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये ताशी ५ किमी. वेगाला पकड पूर्ण करील अशा रीतीने सपाट रस्त्यावर सुरू केला, तर क्लचमध्ये सुमारे २४,००० जूल उष्णता निर्माण होते. हे प्रमाण वर दिलेल्या मोटारीच्या सौम्य प्रारंभाहूनही थोडे कमी आहे. तोच ट्रक गिअर बदलण्याचा त्रास वाचविण्यासाठी वरच्या गिअरमध्ये उचलला व पकड ताशी १० किमी. ला पूर्ण झाली, तर उष्णता सुमारे ९६,००० जूल, म्हणजे जवळजवळ शर्यतीच्या प्रारंभाएवढी होते. शर्यतीत ती एकदा सोसावी लागते, रांगेत मात्र दिवसभर. विजेवर चालणाऱ्या मोटारीत क्लच बहुधा नसतो. त्यामुळे अस्तराचा प्रश्न उरत नाही, परंतु प्रारंभापासूनच मिळणाऱ्या पूर्ण परिबलाचा ताण टायर, दंतचक्रे व अक्षदंड यांना सोसावा लागतो.