वॉकमन आणि जोडसायकल

जून १९७९. सोनी कंपनीने पत्रकारांना टोकियोच्या योयोगी उद्यानात नेले. प्रत्येकाच्या हाती नवा वॉकमन, आणि समोर प्रात्यक्षिक म्हणून तो ऐकत जोडसायकल चालवणारे तरुण-तरुणी! सायकल आणि हेडफोन यांची गाठ वॉकमन बाजारात येण्यापूर्वीच पडली होती.

हे शक्य झाले वजनामुळे. तत्कालीन हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे, घरी बसून ऐकण्याचे. वॉकमनचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा. त्याच्या स्पंजच्या गाद्या कानांवर नुसत्या टेकत. त्यामुळे मागच्या गाडीचा आवाजही आत येई. शिवाय यंत्रावर एक नारिंगी बटण होते. ते दाबताच संगीत मंदावे आणि मायक्रोफोनमधून सोबत्याचे बोलणे ऐकू येई. पुढे ते वगळले गेले. माझ्या मते ही खरी हानी.

नंतर कानात घट्ट बसणारे इअरफोन आले, बाहेरचा आवाज पुसून टाकणारे तंत्र आले आणि कायदेही आले. कॅलिफोर्नियात सायकलस्वाराचा एक कान मोकळा असावा लागतो. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून एका कानातला इअरफोनही निषिद्ध ठरवला. दंड १३५ युरो. योगायोग असा, की वॉकमनची विक्री सुरू झाली तीही १ जुलैलाच.

आज सायकलस्वारांपुढे आणखी एक पर्याय आहे : गालाच्या हाडातून ध्वनी पोहोचवणारे, कानाचे छिद्र उघडे ठेवणारे हेडफोन. त्यांत खर्ज क्षीण लागतो, हे खरे. पण मागचा हॉर्न ऐकू येतो, जसा त्या स्पंजमधून येत असे.