पाणी जोखणारे शब्द



माणसाच्या अंगच्या धमकेला प्रत्येक भाषा आपापले नाव देते, आणि ते नाव पुष्कळदा कष्टकऱ्यांच्या वस्तीत घडते. अमेरिकेच्या बोलभाषेत ‘मॉक्सी’ असा एक शब्द आहे. अडचणीपुढे न वाकणारा, पडला तरी उठून उभा राहणारा, प्रसंगी किंचित उद्दामही वाटावा असा जो निधडेपणा, त्यास तेथील लोक मॉक्सी म्हणतात. आपण ज्या मुलीला ‘पाणीदार’ म्हणू, तिच्या अंगी मॉक्सी आहे असे ते म्हणतील. आणि मौज अशी की, आपला शब्द जसा पाण्यावरून आला, तसा त्यांचा एका पेयावरून आला आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल नावाचे शहर आहे. १८२० नंतर नदीच्या प्रवाहावर चालणाऱ्या कापडगिरण्या तेथे उभ्या राहिल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली मागावर काम करण्यास आल्या. १८३४ मध्ये मजुरी घटविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा या मुली गिरणी सोडून रस्त्यावर उतरल्या. १८३६ मध्ये त्या पुन्हा उतरल्या. पुढे पन्नास वर्षांनी, १८८४ च्या सुमारास, याच लोवेलमध्ये ऑगस्टिन टॉम्सन नावाच्या डॉक्टरने एक कडवट पेय विक्रीस काढले. ते मज्जातंतूंचे अन्न आहे, थकल्या देहास ते बळ देते, अशी त्याची जाहिरात असे. पेयाचे नाव मॉक्सी. जाहिरातीचा गजर इतका झाला की, १९३० च्या सुमारास हे नाव बाटलीतून बाहेर पडून माणसाच्या हिमतीला चिकटले. धमक त्या मुलींनी आधीच दाखविली होती. बाटली मागाहून आली आणि नाव तिचे झाले!

आपल्या ‘पाणी’ शब्दाला अशी जाहिरात लागली नाही. लोहार तापून लाल झालेले पोलाद पाण्यात बुडवितो, त्यास पाणी देणे म्हणतात. तलवारीचे पाणी, मोत्याचे पाणी, घोड्याचे पाणी आणि माणसाचे पाणी अशी या शब्दाची चढती भाजणी आहे. फारसीतही ‘आब’ म्हणजे पाणीच. त्यावरून आपल्याकडे आब राखणे आले, आबदार आले. अब्रू म्हणजे तर मूळ अर्थाने चेहऱ्यावरचे पाणी.

या शब्दाचा उत्तम दाखला सुरतेच्या इतिहासात सापडतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन दडला आणि नगर उघडे पडले. त्याच वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन मूठभर माणसांनिशी आपली वखार धरून राहिला. सुरतेची संपत्ती त्या दिवसांत मोजली गेली, तसे प्रत्येकाचे पाणीही जोखले गेले. पाणी हुद्द्याबरोबर मिळत नाही, हा त्यातील धडा मित्राने आणि शत्रूने सारखाच घ्यावा असा आहे.

याच सुरतेच्या दक्षिण अंगाला पांडेसरा आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे आहे आणि कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने तीत दाटले आहेत. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे जशी आली, तशीच जळगाव, धुळे, नंदुरबार या खान्देशी मुलखातूनही आली. तापी ज्या दिशेने वाहते, त्याच दिशेने ही माणसे रेल्वेने आली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती अशी त्यांची भाषेची कसरत चालते. आणि अहिराणीत ‘पाणी’चे ‘पानी’ झाले, तरी त्याचा अर्थ तोच राहतो.

रंगाच्या कारखान्याला पाणी फार लागते. २०१४ पासून सुरत महानगरपालिका शहराचे सांडपाणी शुद्ध करून रोज चार कोटी लिटरपर्यंत पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवू शकते. वापरून टाकून दिलेले पाणी पुन्हा कामास उभे राहते. दुष्काळाने शेत सुटलेला माणूस परमुलखात पुन्हा संसार मांडतो, त्याची आठवण यावी अशीच ही गोष्ट आहे.

परंतु येथेच थोडे थांबावयास हवे. ‘खान्देशी माणूस काटक, त्याला काही होत नाही,’ असे कौतुकाने म्हटले जाते. वाफेच्या उष्म्यात, रसायनांच्या वासात, बारा तासांच्या पाळीत उभ्या असलेल्या माणसाला हे कौतुक काय देते? पुष्कळदा त्याच्या चिवटपणाची स्तुती ही त्याची काळजी न घेण्याची सबब होते. लोवेलच्या थकल्या जिवांनाही विश्रांतीच्या ऐवजी बाटली विकली गेली होती.

लोहाराला मात्र पाण्याचे मर्म ठाऊक असते. लाल पोलाद एकदम पाण्यात बुडविले की ते कठीण होते खरे, पण ठिसूळही होते. आघात होताच तडकते. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो, त्याचा ताण उतरू देतो आणि मगच त्याला धार लावतो. हा दुसरा, सौम्य शेक चुकला, तर पहिल्या पाण्याची सारी मेहनत फुकट जाते.

पांडेसऱ्याच्या माणसांना पहिले पाणी परिस्थितीने भरपूर दिले आहे. रास्त मजुरी, वेळेवर सुटणारी पाळी, मोकळी हवा आणि मुलांची शाळा हा दुसरा शेक होय. तो देणे परिस्थितीच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. दुसऱ्याचे पाणी जोखणाऱ्या समाजाचे पाणी तेथेच जोखले जाते.