'व्यत्यय'ची पाटी ते 'नो सिग्नल' : गावाकडच्या टीव्हीची पन्नास वर्षं



आज पीकपाणी जरा बाजूला ठेवतो आणि टीव्हीवर लिहितो. पावसाळा लागला की आमच्या पुरंदरच्या बाजूला दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "दादा, तुमच्याकडं चित्र येतंय का?" हा प्रश्न गावात माझ्या लहानपणापासून चालू आहे. फरक एवढाच पडला, की पूर्वी चित्र गेलं तर कुठं बिघडलं ते घरबसल्या कळायचं. आता चित्र आरशासारखं स्वच्छ येतं, पण गेलं की का गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. हे असं कसं झालं, ते क्रमानं बघू.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. पुढच्या वर्षी, 1973 ला, सिंहगडावर टॉवर आला आणि मुंबईचा कार्यक्रम पुणे भागात दिसायला लागला. टॉवरची लहर बॅटरीच्या उजेडासारखी सरळ जाते. मध्ये डोंगराची सोंड आली की पलीकडच्या वाडीला अंधार. म्हणून एकाच गावात माळावरच्या घरात चित्र झकास आणि ओढ्याकाठच्या घरात नुसत्या मुंग्या, असं असायचं. मग बांबूवर ॲल्युमिनियमचा अँटेना. एक जण कौलावर, एक जण खिडकीत, आणि मधे आरडाओरडा, "आलं का? थांब, तिथंच धर." वारं सुटलं, कावळा बसला, अँटेना फिरला, की पुन्हा वर चढायचं. वीज नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडायची. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागायचं. रोग कुठला, फवारणी कधी, बियाणं कुठलं, हे बऱ्याच घरांत तिथंच पहिल्यांदा ऐकलं गेलं.

त्या काळात केंद्रावर काही बिघडलं, की पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी लागायची. लोक त्या पाटीला हसायचे. पण ती फार कामाची होती. पाटी स्वच्छ दिसते म्हणजे आपला अँटेना ठीक, टीव्ही ठीक, टॉवर ठीक. घोटाळा तिकडं केंद्रावर. कौलावर चढायची गरज नाही. मुंग्या आल्या तर मात्र आपल्याकडं बघायचं. शाळेत न गेलेल्या आजीलाही एवढं कळत होतं.

आता आकाशातल्या टीव्हीकडं. 1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत 'साईट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह एक वर्षासाठी उसना घेतला आणि 6 राज्यांतल्या सुमारे 2400 गावांना थेट उपग्रहावरून शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. आपला महाराष्ट्र त्या 6 राज्यांत नव्हता. शेजारचे कर्नाटक, आंध्र आणि मध्य प्रदेश होते. वर्ष संपलं, उपग्रहाची मुदत संपली, आणि ते प्रक्षेपण थांबलं. गावानं काही बिघडवलं नव्हतं.

मग आपला इन्सॅट-1ए एप्रिल 1982 मध्ये वर गेला आणि त्याच सप्टेंबरात निकामी झाला. इन्सॅट-1बी 30 ऑगस्ट 1983 ला गेला, तो टिकला. त्याच्या जोरावर 1984 च्या आसपास तालुक्या-तालुक्याला छोटे टॉवर भराभर उभे राहिले. उपग्रहावरून टॉवरला, टॉवरवरून आपल्या अँटेनाला. छोट्या टॉवरचा पल्ला 20-25 किलोमीटर. टॉवर बंद पडला तर अख्खा परिसर बंद, पण टॉवर कुठं आहे ते तरी माहीत होतं. कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन विचारून यायचं.

नव्वदनंतर केबल आली आणि 16 डिसेंबर 2004 ला दूरदर्शनची फुकट छत्री, डीडी डायरेक्ट प्लस, सुरू झाली. तिलाच आज आपण डीडी फ्री डिश म्हणतो. महिन्याचं भाडं नाही. डोंगराआडच्या ज्या वाड्यांना सिंहगड कधीच दिसला नाही, त्यांच्याकडं पहिल्यांदा चित्र आलं. हे उपकार विसरून चालणार नाहीत. पण बिघाडाची जागा आता 36 हजार किलोमीटर वर गेली. जुलै 2010 मध्ये इन्सॅट-4बी उपग्रहाच्या सौर पट्ट्यांपैकी एकीच्या वीजपुरवठ्यात घोटाळा झाला, काही ट्रान्सपाँडर बंद ठेवावे लागले, आणि देशात लांब लांब लोक आपापल्या छत्र्या हलवत बसले.

केबल डिजिटल करायचा कायदा 2011 मध्ये झाला. मोठी शहरं आधी, खेडी शेवटी. खेड्यांची मुदत वाढत वाढत 31 मार्च 2017 पर्यंत आली. त्यानंतर बॉक्सशिवाय केबल नाही. इकडं प्रसार भारतीनं जुने टॉवर बंद करत आणले आणि मोजकी ठिकाणं सोडून बाकीचे 31 मार्च 2022 पर्यंत बंद करायचं जाहीर केलं. कौलावरचा अँटेना तेव्हा वाळत घालायच्या दोरीच्या कामाला आला.

डिजिटल चित्र एकदम का जातं, हे आपल्या भाषेत सांगतो. जुना सिग्नल पाटाच्या पाण्यासारखा. कमी झालं तरी थोडं थोडं येत राहायचं. चित्र पुसट, पण माणूस ओळखू यायचा. डिजिटल म्हणजे विहिरीवरची मोटर. फूटव्हॉल्व्ह पाण्यात आहे तोवर धार पूर्ण. पाणी व्हॉल्व्हखाली गेलं की हवा ओढते, थेंब नाही. विहीर किती उतरली हे धारेवरून कळत नाही. म्हणून किंचित हललेली छत्री उन्हाळाभर चांगली चालते आणि पहिल्या जोराच्या पावसात पडते. छत्रीचा सिग्नल ज्या लहरींवर येतो, त्यांना पावसाचे थेंब अडवतात. जुन्या टॉवरच्या लहरींना पावसाचं एवढं वावडं नव्हतं.

तेव्हा चित्र गेलं तर आधी एवढं बघा.

1. पाऊस जोराचा आहे का? असेल तर छत्रीला हात लावू नका. पाऊस ओसरला की येतं.
2. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दिवसा ठरावीक वेळी थोडी मिनिटं चित्र जातं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. आपोआप नीट होतं.
3. फ्री डिशची छत्री आपल्याकडून आग्नेयेला बघते. त्या बाजूचा नारळ, साग, शेवगा वाढला का बघा.
4. वायरच्या जोडात पाणी, गंज, उंदराचे दात.
5. शेजारी विचारा. सगळ्या गल्लीचं गेलं असेल तर आपलं घर सोडा, लाईनकडं बघा.

पाचवा मुद्दा महत्त्वाचा. मागच्या भाद्रपदात रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली आणि आमच्या वाडीची केबल चार दिवस बंद. मोबाईलची रेंजही त्याच तारेवर, तीही गेली. कांद्याची रोपं टाकलेली, पावसाचा अंदाज बघायचा कुठं? पडद्यावर फक्त 'नो सिग्नल'. चार घरांनी छत्रीवाला बोलावून विनाकारण पैसे घातले, कारण तार तुटलीय हे सांगायला कुणी आलं नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांकडं मोठा फोन नाही, त्यांना तर जगच बंद.

तार तुटणार, उपग्रह बिघडणार, पाऊस पडणार. त्याबद्दल कुणाला दोष नाही. पण भाडं घेणाऱ्यानं 'बिघाड आमच्याकडं आहे, अमुक वेळेला नीट होईल' एवढं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला किंवा गावच्या ग्रुपवर टाकायला काय हरकत आहे? 1980 साली एक पाटी हे काम करत होती. आम्ही तेवढंच लेखी मागितलंय. तुम्हीही मागा, आणि तक्रार केली की तक्रारीचा नंबर वहीत टिपून ठेवा.

तुमच्या भागात टॉवर कुठल्या डोंगरावर होता आणि कुठल्या वाडीला दिसत नव्हता, ते जुन्या माणसांना विचारून खाली लिहा. ही माहिती सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.