माजूफळ, हिराकस आणि लंडनचा एक खटला

फायलींवर शेरे मारण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा आम्हां मंडळींचे शाईशी नाते जुने आहे. परंतु ज्या दोन जिनसांपासून युरोपातील दप्तरांची काळी शाई शतकानुशतके तयार होत असे, त्याच दोन जिनसांनी पुढे छायाचित्रकलेला तिच्या बाल्यावस्थेत हात दिला, ही गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. हे जिनस म्हणजे माजूफळ आणि हिराकस.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने सप्टेंबर १८४० मध्ये असे पाहिले की, चांदीचा क्षार चोपडलेल्या कागदावर प्रकाश अगदी थोडा वेळ पडला, तर डोळ्यांस काहीच दिसत नाही. परंतु तोच कागद माजूफळातून काढलेल्या गॅलिक आम्लाने व सिल्व्हर नायट्रेटने भिजवला की चित्र हळूहळू वर येते. म्हणजे चित्र आधीच तेथे होते, केवळ सुप्त होते. प्रकाशाने चांदीचे मोजके अणू मोकळे केलेले असतात; गॅलिक आम्ल इलेक्ट्रॉन पुरवते आणि त्या अणूंभोवतीच नवी चांदी साचत जाते. प्रकाशाने केलेले काम अशा रीतीने कोट्यवधी पट वाढते. ज्याला आज आपण ‘डेव्हलपर’ म्हणतो त्याचे सारे मर्म एवढेच.

टॅल्बटने फेब्रुवारी १८४१ मध्ये या कृतीचे पेटंट घेतले व परवान्याखेरीज कोणास ती करू दिली नाही. स्कॉटलंडला हे पेटंट लागू नव्हते. म्हणून एडिंबरोत हिल व अ‍ॅडमसन या जोडीने निर्वेधपणे उत्तम चित्रे काढली. लंडनच्या धंदेवाईकांनी मात्र कुरकुरत पैसे भरले.

पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन चित्र घेण्याची कृती प्रसिद्ध केली, आणि पेटंट न घेता ती सर्वांस मोकळी ठेवली. तीत चित्र उठवण्यास पायरोगॅलिक आम्ल होते. टॅल्बटचे म्हणणे पडले की, हे तर आमच्याच आम्लाचे भावंड! १८५२ साली रॉयल सोसायटी व रॉयल अकादमी यांच्या अध्यक्षांच्या आग्रहावरून त्याने हौशी लोकांना मोकळीक दिली, पण पोटासाठी तसबिरी काढणारांवरचा हक्क सोडला नाही. मार्टिन लारोश नावाच्या अशाच एका छायाचित्रकाराने पैसे देण्याचे नाकारले, आणि डिसेंबर १८५४ मध्ये लंडनला तीन दिवस खटला चालला.

खटल्यात एक मौजेची हकीकत पुढे आली. रेव्हरंड रीड यांनी टॅल्बटच्याही आधी माजूफळाचा अर्क वापरला होता. कागदापेक्षा कमावलेल्या कातड्यावर क्षार अधिक चांगला वठतो असे दिसल्यावरून त्यांनी पत्नीचे पांढरे हातमोजे प्रयोगात खर्ची घातले. दुसरी जोडी देण्यास बाईंनी साफ नकार दिला. तेव्हा साहेब म्हणाले, कागदच कमावू! अन् कातडी कमावण्याचे द्रव्य जे माजूफळ, ते कागदाला लागले.

मूळ प्रश्न मात्र रसायनाचा होता: दोन्ही आम्ले एकच मानावयाची की भिन्न? कोरडे गॅलिक आम्ल तापवले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व उरते ते पायरो. दोन्ही रेणूंत बेन्झीनच्या कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट ओळीने शेजारी असतात आणि चांदीला इलेक्ट्रॉन देण्याचे सामर्थ्य त्यांतच आहे. हे पाहता टॅल्बटचा दावा आजच्या शास्त्राने अगदीच पोकळ ठरत नाही. तरीही ज्यूरीने दिलेला निकाल आम्हांस योग्य वाटतो: पहिला शोधक टॅल्बटच, परंतु लारोशने त्याच्या हक्काचा भंग केलेला नाही. कारण रॉबर्ट हंटने १८४४ सालीच दाखवले होते की, गॅलिक आम्लाशी काडीचेही सोयरेपण नसलेला हिराकससुद्धा सुप्त चित्र उठवतो. द्रव्याऐवजी कार्यावर मालकी मान्य केली असती, तर लोखंडाचा हा क्षुल्लक क्षारही टॅल्बटच्या परवान्याखाली गेला असता.

त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी होत.

टॅल्बटने पेटंटची मुदत वाढवून घेतली नाही. १८५५ साली ते संपले. ज्याने आपली कृती फुकट दिली तो आर्चर १८५७ साली निर्धन अवस्थेत वारला. पायरोचे राज्य पुढे पुष्कळ वर्षे टिकले. १८८० साली हायड्रोक्विनोन आले, त्यात हायड्रॉक्सिल गट समोरासमोर असतात. १८९१ साली मेटॉल आले. आणि १९२७ च्या कोडॅकच्या डी-७६ मध्ये ही दोन्ही, सोडियम सल्फाइट व थोडा टाकणखार यांच्या संगतीने, नांदू लागली. पायरोचे तपकिरी डाग तेव्हापासून बहुतेकांच्या बोटांवरून गेले. तोवर छायाचित्रकाराचा हात आणि कारकुनाचा हात यांत फारसा फरक दिसत नसे.