कला-बंधन आणि स्थैर्य

दोन आंदोलकांचा परस्परांशी मेळ बसणे ही घटना रेडिओयुगाहून पुष्कळ जुनी आहे. एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने एका ठेक्यावर झुलू लागतात, हे हायगेन्सने १६६५ साली पाहिले. तो मेळ आपोआप जुळला होता. चूक मोजून तो हेतुपुरस्सर जुळवण्याच्या ज्या पद्धतीस आज फेज-लॉक्ड लूप म्हणतात, तिचा उगम सामान्यतः आंरी द बेलसीझ या फ्रेंच अभियंत्याच्या १९३२ मधील समकालिक रेडिओग्रहणावरील लेखात मानला जातो.

या मंडलात येणारा संकेत व स्थानिक आंदोलक यांच्या कलांची तुलना होते; फरकानुरूप निघणारा दाब छानकातून गाळला जातो व आंदोलकाची कंप्रता सुधारतो. छानकामुळे गोंगाट कमी होतो खरा, परंतु सुधारणाही उशिरा पोहोचते. उशिरा आलेली सुधारणा मर्यादेबाहेर जाऊन उलट दोलने निर्माण करते. वाफेच्या यंत्रांच्या गतिनियामकांविषयी हाच प्रश्न मॅक्सवेलने १८६८ साली गणिताने मांडला होता.

येथे नैसर्गिक कंप्रता म्हणजे आंदोलकाची कंप्रता नव्हे. ती संपूर्ण मंडलाच्या डोलण्याची कंप्रता होय. मंडलाचे वर्धन दर सेकंदास १०,००० व साध्या छानकाचा कालांक ०.०१ सेकंद असल्यास ती दर सेकंदास १,००० रेडियन येते. अवमंदनांक मात्र अवघा ०.०५. वर्धन चौपट केले की नैसर्गिक कंप्रता दुप्पट होते, पण अवमंदनांक निम्म्यावर येतो. म्हणजे केवळ जोर वाढवून चपळता मिळते, स्थैर्य ढळते. त्यातच मंडलात आणखी विलंब असला, तर दोलने शमण्याऐवजी वाढूही शकतात.

यावरील उपाय साधा आहे. छानकाच्या धारित्राशी एकसरीत लहान रोधक जोडला, की चुकीच्या साचलेल्या परिणामाबरोबर तिचा तात्कालिक अंशही सुधारणेत उतरतो. वरील उदाहरणात एकूण कालांक तोच ठेवून या रोधकाचा कालांक ०.००१३ सेकंद घेतल्यास नैसर्गिक कंप्रता न बदलता अवमंदनांक ०.७ होतो. जॅफी व रेक्टिन यांनी १९५५ मध्ये गोंगाट आणि क्षणिक चूक यांचा एकत्र विचार केला, तेव्हा कंप्रतेतील आकस्मिक बदलासाठी इष्टतम मूल्य ०.७०७ हेच आले. अनुभवाने गवसलेल्या तडजोडीस अशा रीतीने सिद्धान्ताचा आधार मिळाला.